काय बेस आलाय रे तुझ्या आवाजाला!

हे वाक्य मी चौदा वर्षं कौतुक म्हणून ऐकलं. ठाण्यात गडकरी रंगायतनला नाटकाचा प्रयोग संपला की तलावपाळीला टपरीवर उभं राहायचं, कटिंग आणि एक सुट्टी सिगरेट (महाराष्ट्रात २०२० पासून सुट्टी विकायला बंदी आहे, टपरीवाल्याला कोणीतरी कळवा), आणि कोणीतरी हे बोलणारच. आपण खूश. व्हिलन, इन्स्पेक्टर, खोकणारा म्हातारा, सगळे रोल आपल्यालाच.

गेल्या वर्षी महिनाभर घसा बसला तो उठेचना, बायकोने ओढत ईएनटीकडे नेलं. नाकातून कॅमेरा घातला आणि स्क्रीनवर माझे स्वरतंतू, पांढऱ्या पट्ट्या दिसायला हव्यात तिथे फुगलेलं लिबलिबीत काहीतरी. रीन्के एडिमा म्हणतात त्याला. तंतूच्या पातळ आवरणाखाली एक मऊ थर असतो, वर्षानुवर्षं धूर लागून त्यात पाणी साचतं, तंतू जड होतो, जड झाला की सेकंदाला कमी वेळा हलतो आणि आवाज खाली येतो. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड असते ना, तसंच, फक्त माझी तार सुजलेली होती.

मग स्पीच थेरपिस्टने माईकसमोर 'आ' लावायला सांगितला. पुरुष बोलतात साधारण १०० ते १५० हर्ट्झवर (म्हणजे तंतू सेकंदाला तितक्या वेळा हलतात), बायका २०० च्या आसपास. माझा आला ९४. आता खालचा आवाज म्हणजे आजार नव्हे, काहींचा जन्मतःच असतो, पण गोची पुढच्या आकड्यांत होती. जिटर, म्हणजे एका कंपनाला लागणारा वेळ आणि पुढच्याला लागणारा वेळ यात किती फरक. शिमर, तसाच फरक पण आवाजाच्या जोरात. आणि सूर किती नि नुसती खरखर किती, त्याचं प्रमाण. पहिले दोन वाढलेले, तिसरं घसरलेलं. 'आ' टिकला ९ सेकंद, धडधाकट माणसाचा २०-एक टिकतो. आमचा पेटीवाला मात्र काही न मोजता दोन वर्षांपूर्वीच बोललेला, "तुझा सा हलतोय." तेव्हा त्याला वेड्यात काढलं.

घरी येऊन प्रात नावाचं आवाज मोजायचं फुकट सॉफ्टवेअर घेतलं (ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी बनवलंय) आणि २००९ च्या एकांकिकेची क्लिप टाकली. १२२! स्टेजवर आपण चढवून बोलतो हे धरलं तरी बराच फरक आहे. जिटर-शिमर जुन्या मोबाईल क्लिपवर मोजण्यात अर्थ नाही, म्हणून सोडून दिलं.

बायकांमध्ये तर हा फरक जास्तच जाणवतो कारण मूळ आवाज वरचा. ऐरोलीला कॉल सेंटरमध्ये एक मैत्रीण आहे, ओढते, समोरचे तिला बिनधास्त "हां सर" म्हणतात. ती हसण्यावारी नेते, मला आता हसू येत नाही.

राग येतो तो आपल्या नाटकवाल्यांचाच. नवीन पोरं "आवाज पिकवायला" ओढतात आणि आपण सीनियर लोक लायटर पुढे करतो. अरे खर्ज पहाटे बसून लावायचा असतो, टपरीवर नाही मिळत! आणि दोन-तीन आठवड्यांवर बसलेला घसा हळद-दुधावर काढू नका, तिथे कॅन्सरपण निघू शकतो, एकदा कॅमेरा घालून बघा.

सिगरेट सोडून आठ महिने झाले. सूज उतरतेय पण पूर्ण जाईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत, काहींना ऑपरेशन लागतं. परवा 'आ' १४ सेकंद टिकला. म्हाताऱ्याचा रोल मात्र या वेळी दुसऱ्याला गेला, दिग्दर्शक म्हणे तुझ्या आवाजातलं वजन गेलं रे. चार दिवस झाले, मी त्याच्याशी बोलत नाहीये.