‘पाय आधीच गेलेत, मग भीती कसली?’ : व्हीलचेअरवरून बेस जंप आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर

दर काही महिन्यांनी एक व्हिडिओ पुन्हा फिरायला लागतो. उंच पुलाच्या कडेला व्हीलचेअरवर बसलेला माणूस. मागून कुणीतरी ढकलतं, खुर्चीसकट माणूस खाली जातो आणि पॅराशूट उघडतं. सोबतचा मजकूर साधारण असा: जिद्द असली की झालं, खुर्चीला बांधायचं नि ढकलून द्यायचं, विमानातल्या उडीपेक्षा हे सोपं, कारण उंची कमी, एक पॅराशूट उघडलं नाही तर दुसरं असतंच, खाली नदी आहे, लागत नाही, आणि पाय तर आधीच गेलेत, गमावण्यासारखं काय उरलंय?

अशा उड्या खरंच मारल्या गेल्या आहेत. मजकुरातली कारणं मात्र चुकीची आहेत, आणि शेवटचं कारण तर चुकीच्याही पलीकडचं आहे. एकेक घेऊ.

‘जिद्द असली की झालं’

उंच, स्थिर जागेवरून पॅराशूट घेऊन मारलेल्या उडीला बेस जंप म्हणतात. बेस ही चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं: बिल्डिंग, अँटेना, स्पॅन म्हणजे पूल आणि अर्थ म्हणजे कडा. व्हीलचेअरवरच्या बेस उड्यांसाठी सगळ्यात जास्त ओळखला जाणारा माणूस कॅनडाचा लॉनी बिसोनेट. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, ट्विन फॉल्स गावाजवळ स्नेक नदीवर पेरीन पूल आहे. २००४ साली तिथे उडी मारताना त्याचा पाय पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकला आणि त्या अपघातात मणक्याला इजा झाली. नंतर तो त्याच पुलावर व्हीलचेअर घेऊन परतला. मजकुरात नेमकी गाळलेली गोष्ट ही की अपघाताआधीच तो मुरलेला बेस जंपर होता. पॅराशूट कसं घडी करायचं, कुठल्या उंचीवर काय करायचं हे त्याच्या हातांत आधीपासून बसलेलं होतं. खुर्ची त्यानंतर आली.

चालणाऱ्या माणसालाही बेसचं पहिलं प्रशिक्षण देण्याआधी साधारणपणे विमानातून मारलेल्या २०० उड्यांचा अनुभव मागतात. खुर्चीवरच्या माणसासाठी ही अट सैल होत नाही.

‘उंची कमी, म्हणून सोपं’

हिशेब बरोबर उलटा आहे. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, ती विमानातून, सुमारे १३,००० फुटांवरून. तेवढ्या उंचीवर काही बिघडलं तर ते ओळखायला आणि दुसरं पॅराशूट उघडायला वेळ असतो. पेरीन पुलाची नदीपासूनची उंची १४८ मीटर. हवेचा अडथळा सोडून दिला तर दगड साडेपाच सेकंदांत खाली पोचतो. तीन सेकंद थांबून पॅराशूट काढलं तर तोवर ४४ मीटर गेलेले असतात आणि वेग ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास असतो. उघडण्यात आणखी बरेच मीटर जातात. वेस्ट व्हर्जिनियातला न्यू रिव्हर गॉर्ज पूल २६७ मीटरचा आहे, तिथेही दगडाला साडेसात सेकंदच मिळतात.

दुसरा फरक हवेचा. विमान सोडताच समोरून जोराचा वारा मिळतो, त्यावर शरीर टेकवून स्थिर होता येतं. पुलावरून सुटल्यावर पहिल्या दोन सेकंदांत टेकायला वारा नसतो. कड सोडताना अंगाला जी गिरकी मिळाली असेल, तीच पुढे चालू राहते.

‘दुसरं पॅराशूट असतंच’

नसतं. विमानातून उडी मारताना पाठीवर दोन असतात, बेसच्या हार्नेसमध्ये, म्हणजे अंगावर आवळलेल्या पट्ट्यांच्या साजात, एकच. दुसरं वापरायला उंचीच नाही. म्हणून सगळी काळजी पहिल्याच पॅराशूटच्या घडीत ओतलेली असते. कमी उंचीच्या उडीत स्लायडर (उघडणं मंदावणारा, दोऱ्यांवरून सरकणारा कापडी तुकडा) काढून टाकतात, म्हणजे पॅराशूट लवकर उघडतं. मागच्या दोऱ्या एका छोट्या पट्टीने एकत्र धरतात, म्हणजे ब्रेकची दोरी पॅराशूटच्या छताच्या पुढच्या बाजूला पलटण्याची शक्यता घटते. तरीही पलटलीच, तर ती दोरी सोडून देता यावी अशी टॉगलची, म्हणजे ब्रेकच्या दोरीच्या मुठीची, रचना असते. पॅराशूट खेचून काढणारी छोटी पायलट चूटही मोठी घेतात. उडी कमी उंचीची असेल तर ४२ ते ४८ इंच व्यासाची, कारण वेग कमी असताना लहान पायलट चूट पुरेसं ओढत नाही.

‘खुर्चीला बांधायचं नि ढकलून द्यायचं’

या दाव्यावर सगळ्यात जास्त थांबायला हवं. व्हीलचेअरच्या उडीत सगळ्यात अवघड भाग कड सोडण्याचा असतो.

व्हिडिओत दिसत नाही ते हे: खुर्चीची पुढची छोटी चाकं आधी कड सोडतात. त्या क्षणी मागची मोठी चाकं अजून उडीसाठी बसवलेल्या फळीवरच असतात आणि माणूस-खुर्चीचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या थोडा पुढे असतो. म्हणजे खुर्ची आसाभोवती पुढे कलंडायला लागते. दोन्ही आसांमधलं अंतर ४० सेंटिमीटर धरा. सेकंदाला एक मीटर वेगाने खुर्ची सरकत असेल तर ही कलंडण्याची अवस्था ०.४ सेकंद टिकते. वेग दोन मीटर केला तर ०.२ सेकंद, आणि पुढची गिरकीही ढोबळपणे निम्मी. हळू, जपून ढकलणं इथे घातक ठरतं. खुर्ची उतरत्या फळीवरून सोडली तर नाक आधीच खाली झुकलेलं असतं, म्हणून कडेपाशी फळी सपाट ठेवायची आणि वेग आधीच घ्यायचा. पुलाला कठडा असतो, त्यामुळे त्याच्या वर जाणारा मजबूत मंच लागतो. त्याची कड धावण्याच्या रेषेशी काटकोनात हवी. तिरकी असेल तर एक पुढचं चाक आधी सुटतं आणि खुर्ची पुढे कलता कलता एका अंगावरही फिरते. मागून ढकलणाऱ्याच्या एका हाताचा जोर जास्त पडला तरी तेच होतं.

आता पॅराशूट कोण काढणार? चालणारा जंपर पायलट चूट हाताने बाहेर फेकतो. त्या क्षणी दोन्ही खांदे एका पातळीत असावे लागतात, नाहीतर पॅराशूट तिरकं उघडून तोंड पुलाकडे किंवा कड्याकडे होतं. छातीखालचे स्नायू काम करत नसतील तर उजवा हात मागे नेताच धड त्या बाजूला झुकतं. म्हणून फेकण्याचं काम जंपरकडून काढून घेणं शहाणपणाचं. एक रीत म्हणजे पायलट चूट मागे उभ्या सहकाऱ्याच्या हातात. पायलट चूटला पॅराशूटशी जोडणारी सुमारे २.७ मीटरची पट्टी पूर्ण ताणली गेली की पायलट चूट त्याच्या हातातून सुटते. दुसरी रीत म्हणजे पट्टी एका कमकुवत दोऱ्याने मंचाला बांधायची. हा दोरा ८० पौंडांच्या ताणाला तुटेल असा निवडतात. पॅराशूट बाहेर आलं की तो तुटतो. दोन्हींत जंपरचे हात खुर्चीवरच राहतात आणि थेट टॉगलवर जातात.

पट्टी मागून वर जाणार, म्हणजे मागे काहीही अडकवणारं नको. ढकलायच्या मुठी, मागे न कलंडण्यासाठीची छोटी चाकं, ब्रेकचे दांडे, पाठीची पिशवी हे सगळं काढायचं. चाकांच्या तारांवर चकती, उरलेल्या स्क्रूंवर टेप.

‘बांधायचं’ हा शब्दही फसवा आहे. पॅराशूटचे रायझर, म्हणजे दोऱ्या जिथे येऊन जोडल्या जातात ते पट्टे, माणसाच्या हार्नेसला असतात, खुर्चीला नाही. उघडताना माणूस थांबतो आणि खुर्ची खाली जात राहते. १० किलोच्या खुर्चीला चार जीचा (गुरुत्वाच्या चौपट) झटका बसला तर तिच्या पट्ट्यांवर ४० किलोचा भार येतो, आणि पट्टा फक्त मांडीवरून असेल तर तो सगळा मांडीच्या हाडावर. म्हणून खुर्चीची फ्रेम हार्नेसच्या कमरेच्या भागाला थेट जोडायची. मांडीचा पट्टा फक्त जागेवर ठेवण्यापुरता. पावलांना दोन बाजूंनी आवर हवा: टाचेमागे एक पट्टी, नडगीवर एक. एकच असेल तर झटक्यात पाऊल पायटेकावरून मागे घसरतं आणि उतरताना खुर्चीखाली सापडतं.

पॅराशूटचं मापही बदलतं. ७५ किलोचा माणूस आणि ८ किलोचं सामान मिळून ८३ किलो होतात. दर चौरस फुटाला ०.७ पौंड धरले तर सुमारे २६० चौरस फुटांचं पॅराशूट लागतं. ११ किलोची खुर्ची जोडली की २९५. जुनंच पॅराशूट वापरलं तर उतरण्याचा वेग वाढतो, आणि इथे धक्का झेलायला गुडघे कामाला येत नाहीत.

‘खाली नदी आहे, लागत नाही’

३० मीटरवरून पाण्यावर पडलं तरी वेग ताशी ८७ किलोमीटर असतो. पॅराशूट नीट उघडलं असलं तरी पाणी खुर्चीवाल्यासाठी जमिनीपेक्षा वाईट, कारण तो धातूच्या फ्रेमला जोडलेला आहे आणि वरून ओलं पॅराशूट पडतंय. म्हणून उडीआधी बोट पाण्यात हवी, किनाऱ्यावर नाही. खुर्चीपासून सुटायला एकाच हिसक्यात उघडणारी बकल, ती कोणत्याही हाताने पोचेल अशी. दोर कापायची सुरी. फुगणारं जॅकेट हार्नेसच्या पट्ट्यांखाली घातलं तर फुगताना बरगड्या आवळतं, ते बाहेरच हवं.

जमिनीवर अडचण छोट्या चाकांची. १०-१२ सेंटिमीटरचं चाक वाळूत किंवा गोट्यांत रुतलं की खुर्ची जागच्या जागी पुढे उलटते. जाड, मोठी पुढची चाकं बसवायची, आणि टॉगल दोन्ही हातांनी एकसारखे ओढून मागची चाकं आधी टेकवायची. हातांची पकड कमी असेल, म्हणजे इजा मानेच्या मणक्यात असेल, तर हे जमत नाही. अशा माणसाला एकट्याने बेस उडी नको. विमानातून प्रशिक्षकाला जोडून मारायची उडी आहे, त्यात गुडघे एकत्र बांधून पट्टीने वर उचलून धरतात.

‘पाय आधीच गेलेत’

पाय गेलेले नाहीत. ते आहेत, आणि आधीपेक्षा ठिसूळ आहेत. मणक्याच्या इजेनंतर खालच्या भागातली हाडं पहिल्या एक-दोन वर्षांत झपाट्याने विरळ होतात. गुडघ्याच्या लगेच वरचा आणि लगेच खालचा भाग सगळ्यात आधी मोडतो. पलंगावरून खुर्चीत बसतानासुद्धा मोडल्याची उदाहरणं डॉक्टरांना नवी नाहीत. हाडांची घनता तपासायची तर खुब्याची आणि गुडघ्याभोवतीची. नुसत्या कण्याच्या आकड्यावर विसंबू नका, तो अनेकदा फसवा चांगला येतो.

इजा पाठीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्यावर असेल तर आणखी एक धोका. खालच्या भागात कुठे तरी त्रास झाला की रक्तदाब एकदम चढतो, डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. मेंदूत रक्तस्राव होईपर्यंत हे जाऊ शकतं. उडीच्या दिवशी याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे मांडीच्या पट्ट्याखाली दबलेली लघवीची नळी. नळी बंद, मूत्राशय भरतंय, जंपर वरती मंचावर वाऱ्याची वाट पाहतोय. पट्टा आवळल्यावर नळी वाहतेय ना ते पिशवीत बघून खात्री करायची. लक्षणं दिसली तर उडी रद्द. सरळ बसवून ठेवायचं, आडवं नाही. पट्टे सैल, नळी मोकळी, आणि वैद्यकीय मदत.

उतरल्यावर ‘दुखत नाही’ याला काही अर्थ नाही. हाड मोडल्याचं कळतं ते सुजेवरून, पायांच्या स्नायूंच्या वाढलेल्या आचक्यांवरून किंवा अचानक चढलेल्या रक्तदाबावरून. त्वचेवरचा लाल चट्टा अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर बसणं बंद. तपासणी उतरल्यावर एकदा, रात्री एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा. एक गुडघा दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर थेट एक्स-रे.