रूटचा पासवर्ड चौघांत वाटायचा का? तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, लिनक्सवर रूट म्हणजे सर्वाधिकारी खातं, आणि सुडो म्हणजे आपल्याच खात्यातून रूटच्या अधिकारानं कमांड चालवायची सोय. माझ्या सुडोवरच्या लेखावर, चार माणसांच्या ऑफिसात हे लोढणं कशाला, रूटचा पासवर्ड सगळ्यांना सांगून मोकळं व्हावं, असं तुमचं म्हणणं. शिवाय सुडोतच सुरक्षेचं भोक निघालं होतं, आणि माणसाला ग्रुपात घालणारी माझी यूजरमॉडची कमांड चुकीची आहे, असंही.

कमांड चुकली, हे खरं. मोठ्या 'जी'आधी छोटा 'ए' राहिला. त्याशिवाय माणूस नव्या ग्रुपात जातो, पण आधीच्या जोड-ग्रुपांतून बाहेर पडतो, सुडो ग्रुपातूनसुद्धा. दुरुस्त केलंय.

भोकही खरं. २०११ पासून कोडमध्ये होतं, जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीनं उघड केलं. साध्या यूजरलाही त्यातून रूट होता यायचं. पण दुरुस्त आवृत्ती लगेच आली. अपडेट केलं की ते बुजतं.

पासवर्डाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात अशीच सोय होती, पासवर्ड चौघांना पाठ. एके सकाळी 'चलन' नावाचं फोल्डर गायब. रूटच्या हिस्टरीत कमांड सापडली: 'चलन जुनी' हे फोल्डर उडवायचं होतं, पण नावाला अवतरणचिन्हं घातली नव्हती. मशीननं ती दोन नावं धरली आणि चालू 'चलन'च पुसलं. कमांड होती, माणसाचं नाव नव्हतं. संशय गेला कागलहून एसटीनं येणाऱ्या नव्या पोरावर. बॅकअपमधून फोल्डर तासाभरात परत आलं, पण चार दिवस ते पोरगं चहा एकटंच पीत होतं. पाचव्या दिवशी जुन्या कारकुनांना आठवलं, घाईत आपणच टाइप केलं होतं.

सुडो असता तर लॉगमध्ये एका ओळीत यूजर, टर्मिनल, फोल्डर आणि पूर्ण कमांड आली असती. त्या पोराला कुणी विचारलंही नसतं.

सगळ्यांना सगळे अधिकार दिले तर सुडो आणि रूट सारखेच, हा तुमचा मुद्दा बरोबर. म्हणून ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं. कुणाला काय अधिकार हे लिहिलेली सुडोअर्स फाइल व्हिसुडो या कमांडनंच उघडा. चूक असेल तर सेव्ह करण्याआधी सांगतो. आणि सुडोतून व्हीआय हा एडिटर देऊ नका. त्याच्या आतून रूटचं शेल, म्हणजे कुठलीही कमांड चालवायची जागा, उघडता येतं. फाइल बदलायला सुडोएडिट आहे.

त्या ऑफिसात आता रूटचं लॉगिन कुलूपबंद आहे, उबुंटू या लिनक्समध्ये मुळातच असतं तसं. चौघांची चार खाती. प्रिंटर अडकला की तेच पोरगं स्वतःच्या नावानं प्रिंट सर्व्हिस रिस्टार्ट करतं. तेवढाच अधिकार त्याला दिलाय.