अनुभवपत्र हरवले म्हणून केलेली नोकरी पुसली जात नाही

आमच्या आर्वी तालुक्यातल्या गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की कंपनी बंद पडली आणि अनुभवपत्र हाती नसले, तर जुन्या नोकरीचा पुरावा संपला. पाच वर्षांचा खंड पडला की भविष्य निर्वाह निधीचे खातेही बाद होते. तेव्हा ओळखीच्या माणसाकडून मागच्या तारखेचे पत्र करून घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. लेकरांसाठी किंवा सासऱ्यांच्या आजारपणात घरी थांबलेल्या बाया हे वाचून नव्या नोकरीचा अर्जच भरत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

अनुभवपत्र हा एक पुरावा आहे, एकमेव नव्हे. माझी धाकटी जाऊ बुटीबोरीच्या एका कारखान्यात चार वर्षे माल तपासणीला होती. 2016 मध्ये बाळंतपणासाठी तिने काम सोडले आणि पुढे कारखानाच बंद झाला. नेमणूकपत्र पत्र्याच्या पेटीत वाळवीने खाल्ले होते, पण त्याच पेटीतल्या एका पगाराच्या चिठ्ठीवर बारा आकडी यूएएन, म्हणजे निधीच्या सभासदाचा कायमचा क्रमांक, शाबूत होता. त्यावरून निधीचे पासबुक उघडले, तेव्हा आस्थापनेचे नाव आणि महिन्यामहिन्याची कपात समोर आली, आणि सेवेच्या तपशिलात रुजू झाल्याची व सोडल्याची तारीखही मिळाली. पैसे तिने 2017 मध्येच काढले होते, तरी नोंदी जागेवर होत्या. यूएएन 2014 मध्ये सुरू झाला. त्याआधी काम सोडलेल्यांनी जुना पीएफ खाते क्रमांक शोधून निधी कार्यालयाकडे अर्ज करावा. त्यासाठी दर वेळी नागपूर गाठावेच लागते असे नाही, कारण 2023 पासून दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर भरते.

खाते बाद होते हे तर साफ चूक आहे. नोकरी सुटल्याने खाते रद्द होत नाही.

खरी अडचण वेगळीच असते, आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. निधीच्या नोंदीत माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, यामुळे अर्ज अडतो. त्यासाठी बहुधा संयुक्त घोषणापत्र, म्हणजे कामगार आणि मालक दोघांच्या सहीचा दुरुस्ती अर्ज, आणि नाव बदलल्याचा पुरावा लागतो. कारखाना बंद असेल, तर मालकाच्या सहीऐवजी राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या प्राधिकृत व्यक्तीचे साक्षांकन चालते.

कधी कधी पुरावा फारसा उरत नाही, एवढी संदेशातली गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वीसपेक्षा कमी माणसांच्या डाळ मिलला किंवा दुकानाला भविष्य निर्वाह निधीचा कायदा सहसा लागू होत नाही, आणि मजुरी रोख मिळाली असेल तर कागद फारसा उरतच नाही. अशा वेळी मालक हयात असेल, तर कोणते काम किती काळ केले हे सांगणारे, आजच्याच तारखेचे पत्र त्याच्याकडून मागावे. सोबतच्या कामगारांचे लेखी निवेदन आणि पगार बँकेत होत असल्यास खात्याचा उतारा जोडावा. प्रतिज्ञापत्र शेवटी आपलेच म्हणणे असते, त्यामुळे ते एकटे पुरत नाही.

मागच्या तारखेचे पत्र हा बनावट कागद आहे आणि तो खरा म्हणून वापरणे गुन्हा आहे. असे पत्र हजार रुपयांत करून देणारा माणूस माझ्या जावेलाही भेटला होता. त्याने लिहून आणलेल्या मसुद्यातली रुजू होण्याची तारीख आणि पासबुकातली पहिली कपात यांत सात महिन्यांचे अंतर निघाले.