कोड्यांनी विसराळूपणा मागे फिरतो का?

‘रोज वीस मिनिटे मोबाइलवर स्मरणखेळ खेळा, कमकुवत झालेली स्मृती पूर्ववत होईल आणि डिमेन्शिया जवळपासही फिरकणार नाही,’ असा संदेश ज्येष्ठांना वरचेवर पाठवला जातो. वयाच्या मानाने स्मरण उणावले आहे, पण रोजचे व्यवहार अजून स्वतःचे स्वतः सांभाळता येतात, अशा सौम्य बोधनिक ऱ्हासाच्या अवस्थेतली माणसे त्यावर सर्वाधिक भिस्त ठेवतात.

एका खेळाचा सराव सगळ्या स्मृतीला लागू पडतो, हे पहिले गृहीतक. अमेरिकेतील ‘ॲक्टिव्ह’ चाचणीत ६५ वर्षे व त्यापुढील २,८३२ जणांपैकी तीन गटांना अनुक्रमे स्मरण, तर्क आणि आकलनाचा वेग यांचे प्रशिक्षण दिले. २००२मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा ज्याने जे गिरवले त्यातच तो सुधारलेला दिसला. पुढचे विश्लेषण तर अधिकच बोलके आहे : ज्यांची स्मृती आधीच क्षीण होती, त्यांना नेमका स्मरणाच्या प्रशिक्षणाचाच लाभ झाला नाही, तर्क आणि वेगाच्या प्रशिक्षणाचा मात्र इतरांइतकाच झाला.

डिमेन्शिया टळण्याची हमी तर कोणीच देऊ शकत नाही. अशाच जाहिरातींवरून ‘ल्युमॉसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या ॲपच्या कंपनीने २०१६मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरायचे मान्य केले.

काहींची स्मृती पूर्ववत होते, हे खरे. पण त्याचे श्रेय कोड्यांना देण्यापूर्वी नैराश्य, थायरॉइड, ब-१२ची कमतरता किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांपैकी कशावर उपचार झाले का, ते पाहावे. (ही तपासणी संदेशात कधीच नसते.)

म्हणून सराव निरुपयोगी ठरत नाही. तो हव्या त्या कामाला जोडावा लागतो. नव्या शेजाऱ्याचे नाव लक्षात ठेवायचे असेल, तर घरच्या कोणी ते सांगून लगेच विचारावे, मग एका मिनिटाने, दोन मिनिटांनी, चार मिनिटांनी. चुकल्यास अंदाज बांधायला न लावता उत्तर सांगावे आणि जमलेल्या शेवटच्या अंतरावर परत यावे. अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१८च्या मार्गदर्शनात बोधनिक प्रशिक्षण ‘सुचवता येईल’ एवढेच म्हटले आहे, तर आठवड्यातून दोनदा व्यायामाची शिफारस त्याहून ठामपणे केली आहे.