धोंडू, धोंड्या, धोंडोपंत

"पोटच्या पोराला कुणी धोंडू म्हणतं का? धोंडा म्हणजे दगड!" पक्या एवढंच बोलला आणि कट्टा पेटला.

अण्णांनी त्याला तिथंच अडवलं. "अरे, आधीची दोन-तीन लेकरं गेलेली असायची. मग पुढच्याचं नाव धोंडू, केरू नाहीतर भिकू. काळाला वाटावं, हे टाकाऊ आहे, उचलायला नको. मुलाचं नाक टोचून त्याला नथू म्हणायचे, तेही याच भीतीनं. त्यात आईचा जीव अडकलेला असायचा."

मीही अण्णांच्या बाजूनं बोललो. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. १९१६ साली महिला विद्यापीठ काढणारे महर्षी कर्वे धोंडो केशव, आणि ते तर १०४ वर्षं जगले.

"दादासाहेब फाळकेही त्यातलेच ना?" सुऱ्यानं विचारलं. नाही, ते धुंडिराज. ते नाव काशीच्या ढुंढिराज गणपतीचं, त्यात धोंडा नाही.

इतका वेळ गप्प असलेला बाळ्या आता सरसावला. "मनुस्मृतीचा दुसरा अध्याय काढा. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित. किळस यावी असं! महाडला १९२७ साली ती जाळली ती उगाच नाही. कवी दया पवारांचं मूळ नाव दगडू. पेशव्यांच्या धोंडोला 'पंत' लागलं. माझे आजोबा मरेपर्यंत धोंड्याच राहिले."

"तुझ्या आजोबांच्या आधीची भावंडं?" अण्णांनी हळूच विचारलं.

"दोन गेली होती."

"म्हणजे त्यांच्या आईनं भीतीपोटीच ठेवलं असणार."

"असेल. पण गावानं हाक मारली ती तिच्या भीतीनं नाही. म्हाताऱ्या माणसाला शेंबडं पोरही 'ए धोंड्या' म्हणायचं."

माझ्या मते वादाचा गाभा इथंच होता. जुनी नावं गोड वाटतात म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो, पण नाव ठेवणारी एक आणि ते उच्चारणारे दुसरे, हे विसरतो. एकाच धोंडूचा एका घरात पंत होतो, दुसऱ्या घरात ड्या होतो. हा फरक आईनं केलेला नाही.

"मग आता मुलाचं नाव धोंडू ठेवशील?" पक्यानं बाळ्याला विचारलं.

"नाही. पण सातबाऱ्यावर आजोबा धोंड्या होते. अर्ज देऊन धोंडिबा करून घेतलंय."