रोमाजीने जपानी टाइप करणं ही पळवाट नव्हे

नमस्कार,

विंडोजवर जपानी टायपिंग कसं सुरू करावं, या माझ्या लेखावर तुम्ही मडगावहून सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं की रोमन अक्षरांतून, म्हणजे रोमाजीने, टाइप करायला शिकवलं की मुलं इंग्रजीच्या कुबड्या घेऊन चालतात आणि लिपी कच्ची राहते. त्यापेक्षा कळांवर स्टिकर चिकटवून थेट काना, म्हणजे जपानी ध्वनिअक्षरांचा, कीबोर्ड शिकवावा. तुमची मुलगी जपानी शिकते आहे, त्यामुळे ही काळजी रास्तच. तरीही मला हे पटत नाही.

रोमाजीत कानावर पडलेला उच्चार टाइप करून भागत नाही, काना लेखनाचे नियम ठाऊक असावे लागतात. 'तोक्यो'मधले दोन्ही 'ओ' दीर्घ आहेत, म्हणून प्रत्येक 'ओ'नंतर 'यू' दाबावा लागतो. 'वाताशि वा' यातला शेवटचा 'वा' हिरागानात (कानाच्या दोन लिप्यांपैकी एक, दुसरी काताकाना) 'हा'च्या अक्षराने लिहितात, म्हणून तिथे एच-ए. धूम्रपानबंदीला 'किन्-एन' म्हणतात. मधल्या 'न्'साठी N ही कळ एकदाच दाबलीत तर पडद्यावर 'किनेन' उमटतं, म्हणजे स्मरणार्थ! ती दोनदा दाबली की सुटा 'न्' मिळतो. फोंड्यात मी शिकवतो तिथे वहीत सुबक हिरागाना काढणारी मुलंही इथे हमखास अडतात. अडली की ऱ्हस्व-दीर्घ एकदाचं पक्कं होतं.

पुढे कांजीचा, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अर्थचिन्हांचा प्रश्न. 'हाशि' टाइप करून स्पेस दाबा. पूल, जेवायच्या काड्या, कडा, सगळे 'हाशि' यादीत येतात आणि नेमकी कांजी ओळखून निवडायची ती आपणच. काना कीबोर्ड वापरला तरी हीच यादी समोर येणार.

खुद्द जपानमध्येही बहुतेक लोक संगणकावर रोमाजीनेच टाइप करतात. शिवाय त्यांच्या कीबोर्डवर उजव्या शिफ्टशेजारी 'रो'ची वेगळी कळ असते. आपल्याकडच्या लॅपटॉपवर ती नाही, मग स्टिकर लावणार कुठे?

रोमन लिपी जपानीला उपरी आहे, असंही तुम्ही लिहिलंत. १६०३ साली जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती पाद्र्यांनी नागासाकीत जपानी-पोर्तुगीज शब्दकोश छापायला घेतला, त्यातले जपानी शब्द रोमन लिपीतच आहेत. त्यांचं छपाईयंत्र युरोपातून गोव्यामार्गे १५९० मध्ये जपानला पोचलं होतं. आणि १६१६ साली आपल्या गोव्यात राशोलला क्रिस्तपुराण छापलं गेलं, ते मराठी असून रोमन अक्षरांत. निदान गोंयकाराने तरी रोमीला परकी म्हणू नये.

जपानी सुरू केल्यापासून शिफ्ट आणि २ दाबलं की ॲटऐवजी अवतरणचिन्ह येतं, ही तुमची तक्रार मात्र खरी आहे आणि त्यावर उपाय सोपा आहे. विंडोजने तुमचा कीबोर्ड जपानी धरला आहे. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत जपानीचे पर्याय उघडा, कीबोर्ड लेआउट १०६/१०९ कळांचा दिसेल, तो बदलून इंग्रजी १०१/१०२ करा आणि संगणक रीस्टार्ट करा.

हाताने लिहिणं मी कुणालाच सोडू देत नाही. हिरागाना-काताकाना वहीत पक्कं झाल्याशिवाय माझ्याकडे कीबोर्डला हात लावायचा नाही, हा नियम आहे. मुलीला काना पद्धत करून बघायचीच असेल तर मायक्रोसॉफ्ट आयएमईच्या (विंडोजमधल्या जपानी टायपिंगच्या सोयीच्या) सेटिंगमध्ये रोमाजी आणि काना असे दोन्ही पर्याय आहेत. स्टिकर आणण्याआधी तिला आठवडाभर रोमाजीने रोजनिशी लिहू द्या आणि कुठे अडते ते मला जरूर कळवा.