जलरंग, कागद, काच आणि भांग

शनिवारी संध्याकाळी माझ्या चित्रात एका गृहस्थांनी भांग पाडला. चित्रात म्हणजे अक्षरशः चित्रात. वाकून, एक डोळा बारीक करून, खिशातून कंगवा काढून, डावीकडून उजवीकडे. आणि मी तीन फुटांवर खुर्चीत बसून ते बघत होते, कारण माझी ड्यूटी होती.

आमच्या कम्युनिटी आर्ट गॅलरीचं हे सभासदांचं वार्षिक प्रदर्शन. माणशी एक चित्र, फॉर्म भरा, फी भरा, मागे तार आणि डी-रिंगा लावून आणून द्या, आणि शिवाय दोन तास खुर्चीत बसून राखण करा. राखण कशाची ते विचारू नका. आजवर आमच्याकडून कोणी चित्र चोरलेलं नाही, चोरलं असतं तर आम्ही त्या दिवशी उत्सव केला असता. तर बुजगावण्यासारखं बसायचं, कोणी आलं की हसायचं, आणि येणारा माणूस शंभरातल्या नव्वद वेळा फक्त "टॉयलेट कुठेय?" एवढंच विचारतो त्याला हात करून दाखवायचा.

माझ्या चित्राचं नाव 'उत्तररात्र'. चार महिने खपले होते त्याच्यावर. काळा रंग अजिबात वापरायचा नाही असं ठरवून नुसत्या इंडिगो (गडद निळा) आणि बर्न्ट अंबरचे (गडद तपकिरी) एकावर एक वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचे पातळ थर, प्रत्येक वॉश पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं, नाहीतर खालचा उचलला जातो आणि चिखल होतो. वरच्या उजव्या कोपऱ्यात एकच दिवा, तोही रंगवलेला नाही, कोरा कागद राखलेला. जलरंगवाल्यांना माहितीय राखलेला पांढरा म्हणजे काय असतं ते, बाकीच्यांनी एवढंच समजा की चार महिने मी त्या एका ठिपक्याभोवती श्वास रोखून फिरत होते.

आता गंमत अशी की तेलरंग, अ‍ॅक्रिलिकवाल्यांना काच लागत नाही, कॅनव्हास उघडाच टांगतात. जलरंगाला लागते. दमट हवा, धूळ, लोकांची बोटं, सगळ्यापासून कागद वाचवायचा तर वर काच आणि काचेला कागद चिकटू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट. साध्या काचेच्या एका बाजूवरून चारेक टक्के उजेड परत फिरतो, दोन्ही बाजूंचा मिळून आठ. आठ टक्के ऐकायला काही नाही. पण मागे गडद चित्र असेल आणि समोर खिडकी असेल, तर त्या आठ टक्क्यांसमोर चित्राचं काही चालत नाही. एक टक्क्याहूनही कमी उजेड परतवणारी खास काच मिळते, पण ती घ्यायची तर आधी चित्र विकलं जायला पाहिजे, आणि चित्र विकलं जायचं तर ते आधी दिसायला पाहिजे.

म्हणून फॉर्मवर 'विशेष सूचना' असा जो रकाना असतो त्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की चित्र गडद आहे, काच आहे, कृपया खिडकीसमोर लावू नये. लावलं कुठे? खिडकीसमोर. तेही खालच्या ओळीत. साधारण सगळीकडे चित्राचा मध्य जमिनीपासून ५७-५८ इंचांवर ठेवतात, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतं. माझ्या चित्राचा मध्य माझ्या कमरेशी. वर कोणाची तरी पिवळी फुलं. आणि लेबलवर नाव छापलंय 'उत्तरपत्र', ऑटोकरेक्टला उत्तररात्र हा शब्द पसंत नव्हता म्हणे.

मी टांगणी समितीतल्या ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, खिडकीसमोरची जागा कोणालाच नको असते, मग तिथे लावायचं कोणाचं?" या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. (उत्तरपत्र होतं.) समितीतल्या चारही जणांची चित्रं मुख्य भिंतीवर बरोबर ५७ इंचांवर होती हे मी फक्त नोंदवून ठेवते.

तसं हे दुखणं जुनं आहे. थॉमस गेन्सबरो एवढा मोठा चित्रकार, लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या संस्थापक सभासदांपैकी एक, त्याने १७८४ साली कळवलं की माझं तीन राजकन्यांचं चित्र जरा खाली लावा, नेहमीच्या उंचीवर त्यातलं नाजूक काम दिसणार नाही. अकॅडमी म्हणाली नियम म्हणजे नियम. त्याने सगळी चित्रं परत नेली आणि पुन्हा तिथे कधी प्रदर्शन केलं नाही, स्वतःच्या घरीच भरवू लागला. त्याला खाली हवं होतं, मला वर, पण भावना तीच. फरक इतकाच की त्याने चित्रं उचलली आणि गेला. मी "नाही नाही, ठीकेय, चालेल" म्हणाले आणि ड्यूटीच्या तक्त्यावर सही केली.

तर ते गृहस्थ. उद्घाटन सहाला होतं, हे साडेपाचला आले. कडक इस्त्री, चकचकीत बूट, आणि केस मात्र वाऱ्याने पार उडालेले. सरळ माझ्यापाशी.

"ताई, इथे आरसा कुठे आहे?"

"आरसा आत टॉयलेटमध्ये आहे, पण त्याला कुलूप आहे, किल्ली ज्यांच्याकडे आहे ते अजून यायचेत."

"दुसरा नाही?"

"सर, ही आर्ट गॅलरी आहे."

"हो हो, म्हणूनच म्हटलं. एवढ्या काचा आहेत." आणि ते निघाले की हो शोधायला. पहिल्या चित्रासमोर थांबले, मान हलवली, पुढे. दुसऱ्यासमोर जरा तिरके झाले, पुढे. पिवळ्या फुलांसमोर म्हणाले, "यात काहीच दिसत नाही." मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ते खाली वाकले. थांबले. चेहरा उजळला.

"हां! हे चांगलंय."

हे वाक्य ऐकायला मी चार महिने थांबले होते.

आणि कंगवा निघाला. मी म्हटलं जाऊ दे, दहा सेकंदांचा प्रश्न आहे. पण ते निवांत होते. एकदा पाडला, मोडला, परत पाडला. मध्येच तोंड वर न करता म्हणाले, "आरसा जरा वर लावायला हवा होता हो, कंबर धरते."

"अहो, ते चित्र आहे."

"कुठलं?"

"हेच. तुम्ही बघताय ते."

ते अजून खाली वाकले. नाक काचेपासून वीतभर. "यात काय आहे?"

"रात्र आहे."

"म्हणजे काहीच दिसत नाही."

"दिसतं ना, वर कोपऱ्यात एक दिवा आहे."

"कुठे?"

"तुमच्या उजव्या कानाच्या मागे."

त्यांनी मागे वळून पाहिलं. खरंच वळून पाहिलं, खिडकीकडे, मग छताकडे. "तिथे तर ट्यूबलाइट आहे."

"तिथे नाही सर, चित्रात. डोकं जरा डावीकडे घ्या, म्हणजे दिसेल."

त्यांनी डोकं डावीकडे घेतलं, डोक्याबरोबर त्यांचं प्रतिबिंबही डावीकडे गेलं, आणि एका क्षणासाठी, माझ्या डोळ्यांदेखत, तो राखलेला पांढरा ठिपका मोकळा झाला. मी खुर्चीत पुढे सरकले. आता बघतील.

"डावीकडून बरा दिसतोय भांग," ते म्हणाले.

मग त्यांची नजर लेबलवर गेली. "उत्तरपत्र. अच्छा. आणि प्रश्न काय होता?"

मी सांगितलं की ते उत्तररात्र आहे, छापण्यात चूक झालीय. ते म्हणाले उत्तरपत्रच जास्त चांगलं आहे, त्यात विचार करायला वाव आहे. मग विचारलं, "कोणी काढलंय?" मी म्हटलं, "मी." म्हणजे ज्या आवाजात शाळेत बाई विचारायच्या काच कोणी फोडली, त्या आवाजात.

"अरे वा! तुम्ही स्वतः? छान, छान," ते म्हणाले. "मग जरा बाजूला सरकता का? तुमची सावली पडतेय."

मी सरकले. खुर्चीसकट सरकले! स्वतःच्या चित्रावर पडलेली स्वतःची सावली मी एका परक्या माणसाच्या केसांसाठी हलवली. वर त्यांनी पाठ वळवून "मागे एक केस उभा राहतो, बघा बरं" म्हटलं तेव्हा मी बघितलंसुद्धा, आणि "बसलाय" असं सांगितलंसुद्धा. रात्री झोपताना मला दहा सडेतोड उत्तरं सुचली, पण ती नेहमी झोपतानाच सुचतात.

त्यांच्यानंतर एका मुलीने त्यात डोळ्यात गेलेलं कुसळ काढलं. एका काकूंनी दात तपासले. बातमी पसरली असावी, कारण पावणेसहाला माझ्या चित्रासमोर तीन माणसं रांगेत होती आणि अख्ख्या हॉलमध्ये दुसऱ्या कुठल्याही चित्रासमोर कोणी नव्हतं. पिवळ्या फुलांच्या बाई लांबून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट असूया दिसली आणि मी मान ताठ करून बसले, म्हणजे कुठल्या थराला जातो माणूस बघा.

सहाला उद्घाटन. माईकवरून प्रमुख पाहुण्यांचं नाव पुकारलं आणि पहिल्या रांगेतून कोण उठलं हे तुम्ही ओळखलंच असेल. भांग मात्र सुरेख पडला होता, ते श्रेय माझं. सरांनी भाषण केलं, कला म्हणजे काय, समाज म्हणजे काय, नेहमीचं. आणि मग थांबून, घसा साफ करून म्हणाले, "आत्ताच मी एक चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो, त्या चित्रात मी स्वतःला पाहिलं."

टाळ्या! मागच्या रांगेत एका काकांनी तर "व्वा" म्हटलं. कुठलं चित्र, कोणाचं, कुठल्या भिंतीवर, कोणीही विचारलं नाही. टांगणी समितीच्या ताई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "खिडकीसमोर लावल्याचा फायदा झाला की नाही?"

मला खरं तर राग सरांचा नाहीये. त्यांना आरसा हवा होता, मिळाला, त्यांनी तसं सांगितलंही. समितीचाही किती धरू, ती माणसं आदल्या रात्री उशिरापर्यंत शिडीवर होती आणि मी चित्र टेकवून घरी गेले होते. पण मग तो रकाना ठेवताच कशाला हो फॉर्मवर? 'विशेष सूचना'! त्याऐवजी 'मन मोकळं करा' असं छापा, म्हणजे माणूस आशेवर राहणार नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९६१ साली मातीस या फ्रेंच चित्रकाराचं एक होडीचं चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं, शेवटी एका प्रेक्षक बाईंच्या लक्षात आलं. लोक याच्यावर हसतात. मला हेवा वाटतो. निदान त्या बाई चित्राकडे बघत तरी होत्या. माझं उलटं टांगलं असतं तर भांग उजवीकडून पडला असता एवढंच.

नाही, तसं होत नाही आरशात, मला कळतं. चिडले की माझं विज्ञान बिघडतं.

अभिप्राय वहीत आत्तापर्यंत अकरा नोंदी आहेत. सहा 'सुंदर उपक्रम', दोन लहान मुलांनी काढलेली मांजरं, एक फोन नंबर, एक "पंखा फार आवाज करतो", आणि एक, सुंदर वळणदार अक्षरात, "कोपऱ्यातील आरसा लहान मुलांच्या उंचीवर लावल्याबद्दल आयोजकांचे विशेष आभार."

आणि आज सकाळी ताईंचा मेसेज, 'तुझ्या चित्रासंदर्भात सरांचा फोन आला होता, लगेच कॉल कर.' आता मी काही अगदीच दगड नाही. चित्रासंदर्भात. लगेच. मी आधी पाणी प्यायले, आवाज नीट केला, लेबलच्या शेजारी विकल्याची लाल टिकली लावतात ती डोळ्यांसमोर आणली, किंमत फार कमी तर लिहिली नाही ना असंही वाटून गेलं, आणि फोन लावला.

सरांचा कंगवा राहिलाय. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर, मागच्या बाजूला. त्यांचा माणूस चारला येणार आहे, आणि चारची ड्यूटी तक्त्यावर कोणाचीच नाही, तर मी जाऊ शकेन का.

तीन वाजलेत. निघते.